नाताळचे झाड : शेतातले की कारखान्यातले?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागात, ॲपलाचियन पर्वतरांगेच्या उतारांवर, नोव्हेंबरच्या मध्यास एका पिकाची काढणी सुरू होते. बी पेरल्यापासून ते काढणीला येईपर्यंत सुमारे १२ वर्षे जातात. पहिली काही वर्षे रोप वाफ्यात वाढते. मग ते साधारण ५ फूट बाय ५ फूट अंतरावर शेतात लावतात. या हिशेबाने एकरी सतराशेच्या आसपास झाडे बसतात. दर उन्हाळ्यात प्रत्येक झाडाची हाताने छाटणी करून त्याला शंकूचा आकार दिला जातो. सहा-सात फूट उंची गाठलेले झाड बुंध्याशी कापून, जाळीत गुंडाळून ट्रकमध्ये चढवले जाते आणि काही दिवसांत कुणाच्या तरी दिवाणखान्यात दिव्यांनी सजलेले असते. हे पीक म्हणजे फ्रेझर फर. नाताळच्या झाडांच्या उत्पादनात अमेरिकेत ऑरेगननंतर नॉर्थ कॅरोलायनाचा क्रमांक लागतो, तो मुख्यतः या एका जातीमुळे.

डिसेंबर जवळ आला की पाश्चात्त्य देशांत एक प्रश्न हमखास चर्चेला येतो : खरे झाड आणावे की कृत्रिम? दोन-तीन आठवड्यांच्या सजावटीसाठी जिवंत झाड तोडणे वाईट, सबब प्लास्टिकचे झाड पर्यावरणाला बरे, असा हिशेब पुष्कळ जण मांडतात. शेतीशी संबंध असलेल्या माणसाला यातली गफलत चटकन कळते. ऊस तोडला म्हणून जंगल तुटले, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत दरवर्षी अडीच ते तीन कोटी खरी झाडे विकली जातात, असा तेथील उत्पादक संघटनेचा अंदाज आहे, आणि ती जवळजवळ सर्व शेतातून येतात. एक झाड कापले की पुढच्या हंगामात त्याच्या जागी रोप लावले जाते. मागणी नसती तर ही लागवडच झाली नसती. तेव्हा खऱ्या झाडाचा विचार पीक म्हणून करावा लागतो : ते कुठे व कसे पिकवले, त्यावर काय फवारले, किती दूर नेले आणि वापरानंतर त्याचे काय केले.

कृत्रिम झाडाचा उगम मात्र वनरक्षणाच्या चिंतेशीच जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सणासाठी कोवळी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा हंसाची पिसे हिरवी रंगवून, तारेवर गुंडाळून झाडे बनवण्याची प्रथा पडली. आजचे कृत्रिम झाड म्हणजे पोलादी सांगाडा आणि त्यावर पीव्हीसीच्या पट्ट्यांची पाने. जगात विकली जाणारी बहुतेक कृत्रिम झाडे चीनमध्ये तयार होतात. पोलाद व पीव्हीसी वेगळे करणे कष्टाचे असल्याने जुने झाड भंगारवालाही सहसा घेत नाही. ते कचराभूमीत पडून राहते किंवा, आपल्याकडे बहुधा घडेल तसे, कुठेतरी पेटवले जाते. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात.

दोहोंची तुलना आकड्यांत करण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशेबानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढ्याच उंचीचे खरे झाड वापरानंतर कचराभूमीत गेले तर आकडा सुमारे १६ किलो येतो, कारण तेथे हवेविना कुजताना मिथेन तयार होतो. तेच झाड भुगा करून आच्छादनासाठी वापरले किंवा जाळले, तर आकडा साडेतीन किलोपर्यंत खाली येतो. म्हणजे कचराभूमीत जाणाऱ्या झाडाशी तुलना केल्यास कृत्रिम झाड तिसऱ्या वर्षीच सरस ठरते. भुगा होणाऱ्या झाडाशी बरोबरी साधायला मात्र त्याला ११-१२ वर्षे वापरावे लागते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने ही मुदत सुमारे वीस वर्षे काढली. कृत्रिम झाडांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने करवून घेतलेल्या २०१८ च्या अभ्यासात ती पाच वर्षांच्या आसपास आली. अभ्यास कोणी करवून घेतला हे पाहावेच, पण एवढ्या फरकाचे खरे कारण गृहीतकांत आहे. शहरातून मोटारीने पन्नास किलोमीटर जाऊन एक झाड आणले, तर झाडापेक्षा इंधनाचाच बोजा मोठा होतो. जवळच्या बाजारातून आणलेल्या झाडाचा हिशेब निराळा.

या आकडेमोडीत एक गोष्ट कुठेच येत नाही, ती म्हणजे कीड. कीटकशास्त्राच्या दृष्टीने नाताळच्या झाडाची खरी कथा तिथेच सुरू होते.

फ्रेझर फर ही जात निसर्गतः फक्त दक्षिण ॲपलाचियनच्या काही उंच शिखरांवर, साधारण १,४०० मीटरच्या वर आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे फिरलेला स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक जॉन फ्रेझर याचे नाव तिला मिळाले. १९५७ मध्ये माउंट मिशेल या शिखरावरील फर वृक्षांवर एक युरोपीय कीटक सापडला. त्याचे शास्त्रीय नाव ॲडेल्जिस पिसी. तो माव्याचा जवळचा नातलग असून पूर्ण वाढ झाल्यावरही एक मिलिमीटर भरत नाही. अंगावर पांढऱ्या मेणाचे लोकरीसारखे आवरण असल्याने बुंध्यावर कापूस चिकटल्यासारखे दिसते. आपल्याकडील पिठ्या ढेकणाची आठवण व्हावी असे. अमेरिकेत त्याच्या सर्व कीटक माद्याच असतात आणि नराविना प्रजनन करतात. एकच रांगते पिल्लू वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर पोहोचले तरी नवी वसाहत उभी राहते.

या किडीचे नुकसान रस शोषण्यापुरते थांबत नाही. तिच्या लाळेमुळे झाड विकृत, कठीण, लालसर लाकूड तयार करू लागते आणि त्यातून पाणी वर चढत नाही. युरोपातील सिल्व्हर फर हा या किडीचा मूळ यजमान; शतकानुशतकांच्या सहवासामुळे तो तिला सहन करतो. फ्रेझर फरला तिची ओळखच नव्हती. प्रौढ झाडे काही वर्षांतच वाळत गेली आणि ग्रेट स्मोकी पर्वतांच्या माथ्यावर राखाडी सांगाड्यांची राने उभी राहिली. फरच्या दाट सावलीत खडकांवर ओलसर शेवाळाचे थर असत. सावली गेली, शेवाळ वाळले आणि त्यात राहणारा, जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर लांबीचा, टॅरंटुलाच्या गोत्रातला एक कोळी नाहीसा होऊ लागला. १९९५ मध्ये अमेरिकी शासनाने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले. एका परकीय कीटकाने वृक्ष मारला आणि वृक्षाबरोबर कोळीही गेला, ही साखळी वनस्पती संगरोधाच्या कोणत्याही प्रशिक्षणात सांगण्याजोगी आहे.

हीच कीड डोंगरउतारावरील शेतांत उतरली. तेथे झाड मरण्याआधीच माल बाद होतो, कारण प्रादुर्भाव झालेल्या झाडाचा शेंडा वाकडा होतो आणि वाकड्या शेंड्याचे झाड कोणी विकत घेत नाही. सुरुवातीला उत्पादकांनी लिंडेनसारखी औषधे वापरली. पुढे, २००९ मध्ये, लिंडेन स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन यादीत गेले. त्याच्या जागी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे आली आणि मग जे कापूस पिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही तेच घडले. फवारणीने मित्रकीटक व परभक्षी कोळी मेले, तर पानांवरील लाल कोळ्यांचा उद्रेक झाला. एका किडीवरच्या उपचाराने दुसरी कीड वाढवली. पायरेथ्रॉइडच्या अतिवापरानंतर कपाशीवर पांढऱ्या माशीचा उपद्रव वाढलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

तेथील विस्तार कार्यकर्त्यांनी गेल्या काही दशकांत उत्पादकांना ज्या दिशेने नेले, ती एकात्मिक कीड व्यवस्थापनाची परिचित दिशा आहे. शेताची जमीन उघडी न ठेवता झाडांच्या ओळींमध्ये पांढरा क्लोव्हर व बुटके गवत राखायचे. त्याच्या फुलांवर सिरफिड माश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात, ढालकिडे व परभक्षी कोळी वर्षभर आसरा धरतात आणि उतारावरची मातीही धरून राहते. ठरावीक तारखेला फवारणी करण्याऐवजी झाडे तपासून, भिंगाखाली कीड मोजून निर्णय घ्यायचा. बुंध्यावरील लोकरी किडीसाठी झाडाच्या पूर्ण आयुष्यात मोजक्याच, पण बुंधा नीट भिजवणाऱ्या फवारण्या करायच्या. या पिकाचा एक फायदा असा की ते खायचे नाही. तोटा असा की ते केवळ दिसण्यावर विकले जाते, आणि दिसण्यासाठी पिकवलेल्या मालावर गरजेपेक्षा जास्त औषध मारण्याचा मोह सर्वत्र सारखाच असतो.

झाड कापल्यावरही किडीची गोष्ट संपत नाही, कारण झाड प्रवास करते. १९९२ मध्ये ओहायो राज्यातील नाताळच्या झाडांच्या एका मळ्यात पाइनचे कोवळे कोंब पोखरणारा एक युरोपीय भुंगेरा सापडला. त्यानंतर अमेरिकेने त्या भागातील पाइनच्या वाहतुकीवर निर्बंध घातले; ते २०२० मध्ये उठवण्यात आले. २०१८ च्या हंगामात विस्कॉन्सिन राज्यातील दुकानांत नॉर्थ कॅरोलायनाहून आलेल्या झाडांवर मूळची जपानची एक लांबट खवले कीड आढळली. तिच्या पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मादी कडक कवचाखाली राहते, त्यामुळे फवारणीने ती पूर्णपणे हटत नाही. अशी झाडे जाळावीत किंवा पिशवीत बंद करून कचराभूमीत पाठवावीत, परसात कुजायला टाकू नयेत, असे तेथील शासनाने कळवले. म्हणजे कर्बाच्या हिशेबात कचराभूमी हा सर्वांत वाईट मार्ग आणि किडीच्या हिशेबात तोच सुरक्षित. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांतला कोणता पाळायचा, हे झाड कुठून आले आणि त्यावर काय सापडले यावर ठरते. 

कृत्रिम झाडावर कीड येणार नाही, हे गृहीत धरणेही तितकेसे खरे नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेत चीनहून आलेली अशी काही कृत्रिम झाडे परत मागवावी लागली, ज्यांची पाने प्लास्टिकची होती पण खोड खऱ्या लाकडाचे होते. त्या खोडातून लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या एका जातीचे कीटक बाहेर पडत होते. लाकडी खोकी व फळ्यांवर उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची करणारे आंतरराष्ट्रीय मानक २००२ मध्ये आले, त्यामागेही असेच अनुभव होते. 

भारतात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. गोवा, वसई, केरळ, तमिळनाडूचा किनारा आणि ईशान्येकडील राज्ये येथे नाताळ हा घराघरांतला सण आहे. मराठीतला ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला आहे. मात्र येथे येशुजन्माचा गोठा आणि दारातली चांदणी यांचा मान मोठा. झाड बऱ्याच उशिरा आले. शिवाय नाताळसाठी फरची शेती भारतात होत नाही. त्यामुळे ‘खरे झाड म्हणजे शेतातले पीक’ हा अमेरिकेतला युक्तिवाद जसाच्या तसा इथे आणता येत नाही. पश्चिम हिमालयातील फरच्या वनांत नैसर्गिक पुनरुत्पत्ती मुळातच कमजोर आहे. तेथून सजावटीसाठी कोवळे झाड किंवा शेंडा तोडणे म्हणजे जंगलाचीच तूट, आणि वनकायद्यानुसार तो गुन्हाही ठरतो. मेघालयातील खासी पाइन मोकळ्या, उजेडाच्या जागी सहज उगवतो, म्हणून तेथे गणित तितके कठोर नाही. पण फांदी घ्यायची ती मालकाच्या किंवा गावाच्या परवानगीने.

किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांसाठी खरा पर्याय सुरूच्या झाडाचा आहे. केरळ आणि तमिळनाडूत नाताळसाठी सुरूचा शेंडा सजवण्याची पद्धत जुनी आहे. तमिळनाडू व आंध्र प्रदेशात सुरूची शेती कागदाचा लगदा, वासे व जळण यांसाठी होते. कोइंबतूरच्या वन अनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेने तिच्यासाठी जलद वाढणाऱ्या जातीही दिल्या आहेत. तीन ते पाच वर्षांत तोड होते, मुळांवरील फ्रँकिया जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि तोडीच्या वेळी शेंडे व बारीक फांद्या जळणासाठी बाजूला काढल्याच जातात. त्यांतलाच एखादा सरळ, दाट शेंडा डिसेंबरमध्ये वेगळा काढून विकला, तर त्यासाठी एकही जादा झाड तोडावे लागत नाही. पाश्चात्त्य अभ्यासांतल्या कोणत्याही खऱ्या झाडापेक्षा हा हिशेब हलका ठरेल. ज्यांची तोड डिसेंबरच्या सुमारास येते अशा शेतकऱ्यांनी जवळच्या शहरातील फूलबाजाराकडे आधीच चौकशी करून ठेवावी. शेंडा निवडताना खोडाच्या बेचक्यांत रेशमी जाळे व विष्ठेचा भुसा दिसतो का, ते पाहावे. ती साल खाणाऱ्या अळीची खूण असते. ही अळी सुरूवर येते तशी आंबा, पेरू व बोरावरही येते, तेव्हा असे लाकूड फळबागेजवळ नेऊ नये. किनाऱ्यावरील वारारोधक पट्ट्यातील सुरूला मात्र हात लावू नये. ते झाड वादळ व वाळू अडवण्यासाठी उभे केलेले असते.

शहरी ग्राहकासाठी तिसरा मार्ग कुंडीतल्या झाडाचा. रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ या नावाने जे मिळते ते बहुधा अरौकेरिया असते. त्याच्या दोन जाती प्रचलित आहेत : एक नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची. नॉरफोकच्या नावाने विकली जाणारी पुष्कळ झाडे प्रत्यक्षात दुसऱ्या जातीची असतात. ही दुसरी जात उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे झुकून वाढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. तिरके झाड पाहून रोपवाटिकेला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यावे. कुंडीतले झाड दरवर्षी वापरता येते, कापावे लागत नाही आणि त्याची किंमत एकदाच मोजावी लागते. नीट सांभाळले तर या स्पर्धेत कृत्रिम झाडाला बाजी मारणे कठीण. ‘नीट सांभाळले तर’ ही अट मात्र खरी आहे. दिव्यांच्या उष्णतेने व कोरड्या हवेने खालच्या फांद्या गळतात आणि गळालेली फांदी पुन्हा येत नाही. पाणी साचले तर मुळे कुजतात. घराच्या भिंतीला लागून जमिनीत लावले, तर काही वर्षांनी ते छपराच्या वर जाते.

कुंडी राज्याराज्यांतून प्रवास करते आणि कीटकशास्त्रज्ञाच्या चिंतेचा विषय तोच आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइंबतूरला प्रथम नोंदला गेला आणि पाहता पाहता अनेक राज्यांत पसरला. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून परजीवी कीटक आणून सोडल्यावरच तो आटोक्यात आला. नारळावरील सर्पिल पांढरी माशी २०१६ मध्ये पोल्लाचीच्या परिसरात आढळली आणि तिच्या प्रसाराला रोपवाटिकेतील रोपांच्या वाहतुकीने हातभार लावला. आफ्रिकन गोगलगायही कुंडीच्या मातीतून फिरते. परदेशातून येणाऱ्या रोपांना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते, पण देशांतर्गत प्रवास करणाऱ्या कुंडीची तपासणी बहुधा कोणीच करत नाही. ती ग्राहकाने व विक्रेत्यानेच करावी. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस, पानांवर चिकटपणा किंवा काळी बुरशी, कुंडीवर मुंग्यांची रांग यांपैकी काही दिसले तर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असल्याचे समजावे. पाने निस्तेज होऊन बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. नवी कुंडी दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावी आणि तिच्या तळाची छिद्रे पाहावीत, कारण गोगलगायीची पिल्ले तेथेच दडतात.

अरौकेरियाच्या उत्पादनात उतरू पाहणाऱ्या रोपवाटिकाधारकांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. बाजूच्या फांदीपासून केलेले छाट कलम मूळ धरते, पण ते आयुष्यभर फांदीसारखेच आडवे वाढते. सरळ उभे झाड फक्त शेंड्याच्या कलमापासून किंवा बियांपासून मिळते. शेंडा कापला की मातृवृक्षाचा आकार बिघडतो, म्हणून व्यापारी उत्पादन बियांवरच चालते. बियांची उगवणक्षमता लवकर कमी होते, त्यामुळे त्या ताज्या मिळवून लगेच पेराव्या लागतात. विक्रीयोग्य उंचीचे रोप तयार होण्यास काही वर्षे जातात आणि तेवढा काळ प्रत्येक कुंडीतील रोपाच्या बेचक्या नियमितपणे तपासत राहावे लागते.